धाव, गोळा आणि भाकरी

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या अलीकडच्या मैदानी चाचण्यांत पुरुष उमेदवाराला १६०० मीटर धाव, १०० मीटर धाव आणि गोळाफेक अशा तीन कसोट्या द्याव्या लागतात, आणि त्यांना अनुक्रमे २०, १५ व १५ असे एकूण ५० गुण असतात. १६०० मीटरचे पूर्ण गुण मिळवायचे तर ते अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत, म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी सुमारे साडेसत्त्याहत्तर सेकंदांत पार करावी लागते. गोळाफेकीचे पूर्ण गुण मात्र ७.२६० किलोग्रॅमचा गोळा साडेआठ मीटर किंवा त्याहून लांब टाकणाऱ्यालाच मिळतात. पहिली कसोटी हलक्या अंगाला आणि दमदार छातीला झुकते माप देते, तर दुसरीला भरलेले खांदे, जाड मांड्या आणि क्षणार्धात सगळी ताकद एकवटण्याची क्षमता लागते. चरबी कमी व्हावी पण स्नायू जाऊ नयेत, दम वाढावा पण ताकद घटू नये, हा जगभरच्या व्यायामशाळांत चर्चिला जाणारा प्रश्न या परीक्षेत थेट गुणपत्रिकेवर उतरतो.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील कवठे महांकाळ तालुका अवर्षणप्रवण असून, म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यानंतर तेथे द्राक्ष आणि बेदाण्याचे पीक वाढले असले, तरी बागेचा भरवसा हवामानावर आणि बाजारभावावर असल्यामुळे वर्दीची नोकरी हे तेथील शेतकरी घरांतील मुलांचे, आणि आता मुलींचेही, ठरलेले उद्दिष्ट झाले आहे. ‘ग्राउंड काढायचे’ या दोन शब्दांत सांगितल्या जाणाऱ्या या तयारीत साधारणपणे दोन प्रकारची मुले दिसतात. काहींनी आधी जिममध्ये दोन-तीन वर्षे वजने उचलून शरीर कमावलेले असते आणि त्यांना आता पोट उतरवून ‘सोळाशे मारायचे’ असतात. काही जण मुळात सडपातळ असून रोज मैलोन्‌मैल पळतात, मात्र त्यांचा गोळा सहा मीटरच्या पुढे सरकत नाही. दोघांनाही एकच भीती असते, की एक गोष्ट साधायला जावे तर दुसरी हातची जाईल. या भीतीत तथ्य किती आणि ते नेमके कोणत्या ठिकाणी आहे, हे पाहणे हा या प्रकरणाचा विषय आहे.

वजनकाट्यावर दिसणारा आकडा म्हणजे चरबी नव्हे, ही बाब प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. स्नायू आणि यकृत यांत शरीर ग्लायकोजेन या रूपात पिष्टमय पदार्थांचा साठा करून ठेवते आणि या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते; त्यामुळे भाकरी आणि भात एकदम तोडणाऱ्याचे पहिल्या आठवड्यात दोन किलो वजन उतरले, तर त्यातील बराचसा भाग निव्वळ पाणी असते. जाड जर्किन किंवा प्लास्टिकचा सूट घालून धावल्याने उतरणारे वजनही घामाचेच असते, ते दोन तांबे पाण्याने परत येते, आणि कवठे महांकाळच्या एप्रिल-मेमधील उन्हात हा प्रकार उष्माघाताला आमंत्रण ठरतो. वजनगटात खेळणाऱ्या मल्लांना स्पर्धेच्या आदल्या रात्री पाणी उतरवण्याची ही कसरत करावी लागते आणि तीही दर वेळी साधतेच असे नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचलेली विनेश फोगाट ५० किलो गटाच्या मर्यादेपेक्षा अवघे १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. पोलीस भरतीत वजनगटच नसल्यामुळे या कसरतीचा तेथे काडीचाही उपयोग नाही.

खरी चरबी घटवायची तर खर्चापेक्षा कमी ऊर्जा पोटात जायला हवी आणि शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठवलेल्या असतात, हे गणित सर्वमान्य आहे. धावण्याचा वाटा या गणितात लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान असतो. माणूस एक किलोमीटर धावला की शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. म्हणजे ७५ किलोच्या तरुणाने जिवाच्या आकांताने १६०० मीटर मारले तरी त्याच्या सुमारे १२० कॅलरीच जळतात, आणि बेदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये जवळजवळ ३०० कॅलरी असल्याने, शेडवरच्या जाळीवरून येता-जाता तोंडात टाकलेल्या एका मुठीत, म्हणजे ४० ग्रॅम बेदाण्यात, तो हिशेब फिटून जातो. रोज पाच किलोमीटर धावले तर ३७५ कॅलरी जातात. ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्यांत साधारण तेवढ्याच असतात. यावरून धावू नये असा निष्कर्ष निघत नाही, पण चरबी घटवण्याचे मुख्य काम ताटात होते, धाव त्याला हातभार लावते आणि तिचे स्वतःचे काम हृदय व फुफ्फुसांची क्षमता वाढवणे हे आहे, एवढे मात्र निश्चित निघते. उपाशीपोटी धावल्यास चरबी अधिक जळते ही समजूतही तपासून पाहिली गेली आहे: त्या तासाभरात शरीर चरबीचा वापर थोडा जास्त करते हे खरे, परंतु दिवसाचा एकूण आहार सारखा ठेवल्यास महिनाभरानंतर उपाशी धावणारे आणि खाऊन धावणारे यांच्या चरबीतील घट जवळपास सारखीच आढळते.

ऊर्जेची तूट पडली की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून वापरू लागते, आणि नको असलेली गोष्ट नेमकी हीच आहे. स्नायू हे शरीराच्या दृष्टीने महागडे ऊतक असल्याने ते राखण्याचे कारण शरीराला सतत दाखवून द्यावे लागते, आणि ते कारण म्हणजे जड वजन. येथे व्यायामशाळांतील एक रूढ सल्ला विशेष घातक ठरतो: ‘कटिंग’ सुरू झाले, म्हणजे चरबी उतरवण्याचा काळ आला, की वजने हलकी करून पंचवीस-तीस रिपिटेशन मारावीत, म्हणजे स्नायू ‘कापलेले’ दिसतात, असे सांगितले जाते. स्नायूंच्या रेषा दिसतात त्या वरची चरबी गेल्यामुळे. रिपिटेशनच्या संख्येशी त्यांचा संबंध नाही. ज्या तरुणाने वर्षभर ८० किलोची बैठक मारली, त्याने तुटीच्या काळात अचानक ३० किलोवर उतरणे म्हणजे जास्तीच्या स्नायूंची आता गरज उरली नाही असे शरीराला स्वतःहून कळवणे होय. याउलट, कमावलेले स्नायू टिकवण्यासाठी कमावताना लागले तेवढे कष्ट लागत नाहीत. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांनी १६ आठवडे मांड्यांचा व्यायाम करून स्नायू वाढवले आणि पुढे व्यायामाचे प्रमाण एक-नवमांशावर आणूनही, वजन तेवढेच जड ठेवल्याने, त्यांची वाढ टिकून राहिली. हा प्रयोग भरपेट आहारावरचा असल्यामुळे तुटीच्या काळात थोडा अधिक व्यायाम धरणे शहाणपणाचे, पण दिशा स्पष्ट आहे: तुटीत वजन तेच ठेवावे आणि सेटांची संख्या कमी करावी.

धावण्याने ताकद मारली जाते का, या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास रॉबर्ट हिक्सन यांच्यापासून सुरू झाला असे मानले जाते. हिक्सन हे मूळचे वजने उचलणारे गृहस्थ. जॉन होलोझी या धावण्याची आवड असलेल्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करताना ते त्यांच्याबरोबर रोज धावू लागले आणि आपले स्नायू आटत चालल्याचे त्यांच्या ध्यानात आले, तेव्हा स्वतःची प्रयोगशाळा झाल्यावर पहिला अभ्यास याचाच करावा, असे होलोझी यांनी त्यांना सुचवले. १९८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात एका गटाने दहा आठवडे केवळ ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने केवळ दमाचा, आणि तिसऱ्याने दोन्ही. तिसऱ्या गटाचा दम दुसऱ्या गटाइतकाच वाढला; ताकद मात्र सात-आठ आठवडे पहिल्या गटाबरोबर वाढत जाऊन नंतर थबकली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क उतरली. या परिणामाला पुढे परस्पर-बाधा असे नाव मिळाले. व्यायामशाळांतील ‘कार्डिओने बॉडी जाते’ या वाक्याचा उगम सांगायचा तर तो येथे सापडतो. मात्र ते वाक्य उच्चारताना एक तपशील गाळला जातो. हिक्सन यांच्या तिसऱ्या गटाने आठवड्यातून पाच दिवस जड वजने आणि सहा दिवस चाळीस-चाळीस मिनिटे जीव तोडून दमाचा व्यायाम केला होता, आणि एवढा भार सोसणारा माणूस दहाव्या आठवड्यात थकला नसता तरच आश्चर्य.

पुढील काळात पेशींच्या पातळीवर या बाधेचे कारण शोधले गेले. पेशीतील ऊर्जा घटली की एएमपीके नावाचे विकर जागे होते व काटकसरीचा आदेश देते, तर जड वजन आणि प्रथिने मिळाली की एमटॉर ही यंत्रणा स्नायू बांधण्याचे काम सुरू करते. पहिली दुसरीला काही काळ दाबते, हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. माणसांत मात्र हे चित्र इतके सरळ निघाले नाही. अनेक प्रयोगांची एकत्र छाननी करणाऱ्या २०२२च्या एका विश्लेषणात दोन्ही व्यायाम जोडल्याने स्नायूंचा आकार किंवा जास्तीत जास्त ताकद यांच्या वाढीला अडथळा येत नसल्याचे आढळले. अडथळा आला तो स्फोटक ताकदीच्या वाढीला, म्हणजे क्षणात जोर लावण्याच्या क्षमतेला, आणि तोही विशेषतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात उरकले तेव्हा.

भरतीच्या उमेदवाराने या प्रकरणातील एकच गोष्ट मनावर घ्यायची तर ती ही. शंभर मीटरची धाव स्फोटक ताकदीची आहे आणि गोळाफेकही स्फोटक ताकदीचीच आहे. म्हणजे मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी ३० गुण नेमके त्या क्षमतेवर अवलंबून आहेत, जिला संथ आणि लांबलचक धावण्याचा सर्वाधिक फटका बसतो. तरीही बहुतेक ठिकाणी तयारी म्हणजे रोज पहाटे आठ-दहा किलोमीटर पळणे, आणि त्यानंतर अंगात त्राण उरले नसताना गोळ्याचे चार-दोन हात करणे, अशीच असते. वीस गुणांच्या मागे लागून तीस गुणांकडे पाठ फिरवण्याचा हा व्यवहार परंपरेने चालत आला म्हणून अजून कोणी तपासलेला दिसत नाही.

यातून निघणारी आखणी फारशी अवघड नाही. गोळा, १०० मीटरचे वेग आणि जड वजने हे अंग ताजे असताना करावे; लांब धाव दुसऱ्या दिवशी किंवा निदान सहा-सात तासांच्या अंतराने, सकाळ-संध्याकाळ अशी विभागून ठेवावी, आणि एकाच वेळी करणे भागच असेल तर आधी ताकद व मग दम असा क्रम राखावा. आठवड्यातून तीन दिवस ताकद, दोन दिवस ४०० मीटरच्या ठरावीक वेगाच्या फेऱ्या, एक दिवस सावकाश लांब धाव आणि एक दिवस पूर्ण विश्रांती, इतके बहुतेकांना पुरते. धावण्याच्या तुलनेत सायकलीमुळे मांड्यांच्या ताकदीला कमी बाधा येते असे काही विश्लेषणांत दिसले असून, पाऊल जमिनीवर आदळताना स्नायूंना बसणारा धक्का हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. मिरज आणि कवठे महांकाळ यांच्या मधला दंडोबाचा डोंगर या दृष्टीने उपयोगी ठरतो. चढाला दम चांगला लागतो, पण ताणलेल्या अवस्थेत भार झेलण्याचा प्रसंग स्नायूंवर कमी येतो. उताराला मात्र तेच स्नायू प्रत्येक पावलाला ताणले जात शरीर अडवून धरतात आणि पुढचे दोन-तीन दिवस दुखत राहतात. म्हणून दंडोबाला जोरात चढावे आणि सावकाश चालत उतरावे. मुलांची रीत बरोबर उलटी असते, कारण उतरताना पळण्यात मजा येते.

दम आणि ताकद यांची अशी फारकत तालमीत कधी नव्हती. पहाटेची धाव, जोर, बैठका, फावड्याने आखाड्याची लाल माती उकरणे आणि मग जोडीदाराशी लढत, या ‘मेहनती’त कार्डिओ कुठे संपतो आणि वजनाचा व्यायाम कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. फरक उद्दिष्टाचा होता. मातीवरच्या मल्लाला वजन हवेच असे, आणि दूध, तूप, बदाम यांच्या खुराकावर ते वाढवले जाई. कवठे पिरान या मिरज तालुक्यातील (कवठे महांकाळहून वेगळ्या) गावचे हिंदकेसरी मारुती माने, ज्यांनी १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, ते याच भारदस्त परंपरेतले. वजनगट आले तेव्हा कमी वजनात जास्त ताकद बसवण्याचा प्रश्न निर्माण झाला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो गटात सहावे आले आणि १९५२ला हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले; पुढे १९५५मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. ताकद म्हणजे आकारमान नव्हे याचा अलीकडचा दाखला सांगलीच्याच संकेत सरगर याचा आहे, ज्याने २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले.

आहारात दोन आकडे महत्त्वाचे आहेत. वजन आठवड्याला शरीराच्या अर्धा ते एक टक्क्याच्या गतीने उतरावे, म्हणजे ७५ किलोच्या माणसाने आठवड्याला सुमारे अर्धा किलो. नॉर्वेतील खेळाडूंवरील एका अभ्यासात ०.७ टक्क्याच्या संथ गतीने उतरणाऱ्यांनी वजने उचलत असताना उलट थोडे स्नायू कमावले, तर दुप्पट गतीने उतरणाऱ्यांना ते जमले नाही. दुसरा आकडा प्रथिनांचा. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुणांना गरजेपेक्षा ४० टक्के कमी ऊर्जा देऊन चार आठवडे वजने आणि वेगवान धावा असा दोन्ही प्रकारचा कसून व्यायाम करायला लावले. शरीराच्या दर किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिने खाणाऱ्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि १.२ किलो चरबीविरहित वजन वाढले, तर निम्मी प्रथिने खाणाऱ्यांची ३.५ किलो चरबी गेली व चरबीविरहित वजन जेथल्या तेथे राहिले. चाळीस टक्क्यांची तूट देखरेखीशिवाय करण्याजोगी नाही, परंतु दर किलोमागे १.६ ते २ ग्रॅम प्रथिने हे लक्ष्य घरच्या जेवणातही गाठता येते. ७० किलोच्या तरुणासाठी ते किमान ११२ ग्रॅम होते. चार भाकऱ्यांतून सुमारे २४ ग्रॅम, अर्धा लिटर दुधातून १८, चार अंड्यांतून २४, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतून २६ आणि मटकी किंवा हुलग्याच्या दोन वाट्या उसळीतून १४ ग्रॅम धरली तर बेरीज १०६ वर जाते, आणि उरलेली भर वाटीभर दह्याने पडते. माळकरी घरात अंड्यांच्या जागी पनीर किंवा सोयावड्या वाढवाव्या लागतात. म्हशीचे दूध घ्यायचे तर साय काढून घ्यावे. शेंगदाण्याला प्रथिनांचे अन्न म्हणून मिरवले जाते खरे, पण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅम प्रथिनांबरोबर साडेपाचशेहून अधिक कॅलरी येतात, त्यामुळे चरबी उतरवण्याच्या काळात ती चटणीपुरतीच बरी.

झोपेची बाजू आखणीत सहसा धरलीच जात नाही. शिकागो विद्यापीठातील २०१०च्या एका लहान प्रयोगात तेवढाच कमी आहार घेणाऱ्या माणसांना एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपायला दिले, तेव्हा उतरलेले वजन सारखेच भरले. मात्र कमी झोपेत गेलेल्या वजनातील चरबीचा वाटा निम्म्याहूनही खाली आला आणि स्नायूंसह अन्य चरबीविरहित वजनाची हानी वाढली. रात्री अकरापर्यंत मोबाइल आणि पहाटे चारला ग्राउंड, हा दिनक्रम म्हणूनच कष्टाळू दिसला तरी महागात पडतो. तसेच ऑक्टोबरच्या फळछाटणीत किंवा बेदाणा शेडवर दिवसभर राबणाऱ्या मुलाने अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलू नये. त्याचा ऊर्जाखर्च आधीच मोठा असल्याने त्याने धावण्याचे अंतर कमी ठेवले तरी चालते आणि ताटातील भाकरी तोडण्याआधी दोनदा विचार करावा.

मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा अशी चाचणी असते व वरील सर्व गोष्टी त्यांनाही लागू पडतात. त्यांच्या बाबतीत धोका बहुधा उलट्या बाजूने येतो: घरात शेवटी आणि कमी जेवण्याची सवय, त्यात लोहाची कमतरता, आणि त्यावर रोजची धाव. पाळी अनियमित होणे किंवा बंद पडणे हे शरीराला पुरेशी ऊर्जा मिळत नसल्याचे लक्षण असून, मेहनतीचा तो परिणामच असतो असे समजून सोडून देण्याऐवजी आहार वाढवून डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते, कारण त्यात हाडांची घनता घटते. वजने उचलल्याने मुलींचे शरीर पुरुषी होते ही भीती निराधार आहे. त्यांचा गोळा लांब जातो, एवढाच त्याचा दृश्य परिणाम.

चाचणीची तारीख लागल्यानंतर शेवटचे दहा दिवस तूट पूर्णपणे थांबवावी, धावण्याचे अंतर निम्म्यावर आणावे, वजने एक-दोन वेळाच उचलावीत आणि गोळ्याच्या तंत्राला व छोट्या वेगवान धावांना वेळ द्यावा; या मुदतीत ग्लायकोजेनचे साठे भरून वजन किलो-दीड किलोने वाढले तर ते बिघडल्याचे लक्षण नव्हे. मैदानावर उमेदवारांना बहुधा भल्या पहाटे बोलावले जाते आणि उंची-छातीची मोजमापे, कागदपत्रांची पडताळणी आटोपून प्रत्यक्ष धावण्याचा नंबर अनेकदा उन्हे वर आल्यावर लागतो, त्यामुळे रात्री नीट जेवून, सकाळी हलके काही खाऊन आणि सोबत पाण्याची बाटली, दोन केळी व खिशात मूठभर बेदाणे घेऊन जाणे श्रेयस्कर ठरते.